पहिलाच पॉकेट नाईफ घ्यायचा आहे. महिन्यातून एखादा ट्रेक आणि एरवी ऑफिसची बॅग, दोन्हीला चालेल असा, जास्तीत जास्त फंक्शन असलेला कोणता घ्यावा? आणि पुण्यात तो जवळ बाळगणं कायद्यात बसतं का?

तुमच्या प्रश्नात तीन अपेक्षा आहेत: महिन्यातून एखाद्या ट्रेकला उपयोगी पडावा, एरवी ऑफिसच्या बॅगेत राहावा आणि 'जास्तीत जास्त फंक्शन' असावीत. पहिल्या दोन ठीक. तिसरी खोडून टाका, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

घडीच्या चाकूने आपण खरंच काय कापतो ते आठवून बघा. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, फरसाणाचं पाकीट, नव्या शर्टाचा टॅग, सॅकचा लोंबणारा पट्टा, राजगडावर गेलात तर माचीवर बसून काकडी नि पेरू. यात करवत कुठे येते? माशाचे खवले काढायचं हत्यार तर सोडूनच द्या, ते काम बाजारातली मासेवाली तुमच्यापेक्षा झटपट करून देते. छोटी कात्री मात्र सारखी लागते. जखमेवरची पट्टी कापायला, तुटलेलं नख काढायला, औषधाची स्ट्रिप अर्धी करायला. माझ्या मते पहिल्या चाकूत एक चांगलं पातं आणि एक चांगली कात्री असली की भागलं. चिमटा असला तर सोन्याहून पिवळं. करवंदीच्या जाळीत बोटात मोडलेला काटा काढायला तो किती मोलाचा वाटतो, हे एकदा काटा मोडल्याशिवाय कळत नाही.

आता नाव घेऊनच सांगतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणारा 'सुपर टिंकर' घ्या. मोठं पातं, छोटं पातं, कात्री, डबा आणि बाटली उघडायची हत्यारं, टोच्या, फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा. दुकानदार बहुधा आधी 'क्लायंबर' दाखवेल. तोही उत्तम आहे, पण त्यात फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या जागी बुचाचा स्क्रू, म्हणजे वाईनच्या बाटलीचं बूच ओढायचा मळसूत्री आकडा असतो. त्यामागे थोडा इतिहास आहे. या कंपनीने 1891 साली स्विस सैनिकांना जो चाकू दिला, त्यात पातं, टोच्या, डबा उघडणी आणि रायफल खोलायला स्क्रू-ड्रायव्हर एवढंच होतं. 1897 साली अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, तेव्हा त्यात दुसरं पातं आणि बुचाचा स्क्रू आला, तो आजतागायत टिकून आहे. तुम्ही नाशिकच्या द्राक्षमळ्यांत राहत असाल तर क्लायंबर जरूर घ्या. पुण्यात घराघरांत सैल झालेले स्विचबोर्ड जास्त. ट्रेक नाममात्रच असेल तर 58 मिलिमीटरचा 'क्लासिक' किल्ल्यांच्या जुडग्यातही मावतो. मात्र त्याच्या पात्याने पेरू कापायला बसलात तर हात चिकट होतात आणि फळाचा रस थेट सांध्यात उतरतो.

पात्याला लॉक हवं का, हा प्रश्न सगळे विचारतात. वरच्या चाकूंत लॉक नसतं, पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. फळ, दोरी, पुठ्ठा कापायला ते पुरतं. टोक खुपसून जोर लावायची सवय असेल तर पातं उलटं मिटून बोटावर येऊ शकतं. तशा माणसाने लॉकवालाच घ्यावा. त्यात फ्रान्सचा ओपिनेल मला आवडतो. लाकडी मूठ, एकच पातं आणि मानेशी फिरवून पातं लॉक करायची गोल कडी. ही कडी 1955 साली आली. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, कापायला अप्रतिम. पण आपल्याकडचा पावसाळा त्याला सोसत नाही. जुलैत तोरण्यावर दिवसभर धुक्यात भिजलात की बीच लाकडाची मूठ फुगते आणि पातं बाहेर येता येत नाही. शिवाय त्याचा कार्बन स्टीलचा प्रकार घेतलात तर कैरी किंवा लिंबू कापल्यावर पातं काळंनिळं पडतं, ओलं ठेवलं तर रात्रीत गंजतं. हौस असेल तर त्यातला स्टेनलेसचा घ्या.

स्टीलच्या चर्चेत फार खोल शिरू नका. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील साधारण 56 रॉकवेल कडकपणाचं, म्हणजे महागड्या चाकूंच्या मानाने मऊ. धार लवकर बोथट होते हे खरं, पण घरच्या दगडावर दहा मिनिटांत परतही येते. पहिल्या चाकूला हेच बरं. दातेरी पातं टाळा, ते घरी धार लावायला किचकट.

दुकानात पाच मिनिटं खर्ची घाला. बंद चाकू उजेडासमोर धरा. थरांमधून फट दिसली की परत ठेवा. मोठं पातं उघडताना सुरुवातीला अडून मग खटकन बसायला हवं. उघडल्यावर पात्याचं टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खेळ जाणवता कामा नये. मिटवून वरून बघा, पातं बरोबर मध्ये आहे की बाजूच्या पत्र्याला घासतंय? कात्रीने कागद नव्हे, पातळ प्लॅस्टिकची पिशवी कापून बघा, नकली कात्री पिशवी कापत नाही, चावते. आणि पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव नि 'स्विस मेड' कोरलेलं वाचा. फुटपाथवर नि ऑनलाइन दीड-दोनशेला मिळणारा लाल 'स्विस नाईफ' याच जागी उघडा पडतो. खिशाला मूळ चाकू परवडत नसेल तर तो नकली घेण्यापेक्षा पुण्याच्या बोहरी आळीतून भाजीचा साधा चाकू घ्या आणि त्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान करा. खरंच सांगतो, जास्त चालेल.

रंग लाल किंवा पिवळा घ्या. मिलिटरी हिरवा फोटोत छान दिसतो, पण श्रावणात सिंहगडाच्या उतारावर गवतात पडला की गेलाच.

कायद्याचं विचारलंत ते बरं केलंत. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. आपल्या सुपर टिंकरचं पातं तीन इंचांच्याही आत, म्हणजे त्या यादीच्या कितीतरी अलीकडे. मात्र सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात बंदीआदेश निघतात, तेव्हा तो घरीच राहू द्या. पुण्यात कोयत्याच्या बातम्या आल्यापासून पोलीस आणि वॉचमन दोघेही धारदार वस्तूंकडे वाकड्या नजरेने बघतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून बटण दाबताच उघडणारे, काळ्या पात्याचे, सिनेमातल्या गुंडाला शोभतील असे चाकू घेऊच नका. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जाताना तो हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात टाका. नाहीतर सिक्युरिटीच्या डब्यात जमा.

निगा फारशी नाही. ट्रेकहून आलात की कोमट पाण्यात उघडझाप करून धुवा, पुसा, पूर्ण सुकू द्या आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, डिसेंबरातल्या थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरतं. धारेसाठी दोन बाजूंचा, एक खरखरीत नि एक बारीक, असा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरा आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. सायकलवरच्या धारवाल्याला घरच्या विळी-सुऱ्या खुशाल द्या, पण हा चाकू देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा बारीक पातं तापून त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि मग कितीही घासलं तरी धार टिकत नाही.