पहिलं घर घेऊन, दुरुस्त करून नफ्यात विकायचं आहे. रंग, फरशी आणि किचन नवं केलं की पुरेल का?

रंग, फरशी, किचन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतं, त्यामुळे ते करावं लागेलच. पण नफा तिथे नसतो. तो घर घेताना मोजलेल्या रकमेत ठरतो आणि पुढे महिन्यागणिक झिजत जातो. म्हणून आधी आकडेमोड, मग हातोडा.

सुरुवात शेवटच्या आकड्यापासून करा. दुरुस्त झाल्यावर हे घर कितीला जाईल? त्याच वस्तीत, साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाची, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली तीन ते पाच घरं शोधा. जाहिरातीतला भाव धरू नका, ती मालकाची इच्छा असते. मिळालेला आकडा 100 धरला, तर त्याच्या 70 टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करून जे उरेल त्यापेक्षा जास्त मोजू नये, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. दुरुस्ती 15 असेल तर खरेदी 55 च्या आत. नवखे फसतात ते उरलेल्या 30 ला नफा समजून. त्यातून सरकारी शुल्क, दलाली, व्याज, विमा, वीज-पाणी, घरावरचा कर आणि विकल्यानंतरचा आयकर जायचा असतो. समजा 55 पैकी 40 कर्जाऊ आहेत आणि व्याज वर्षाला 12 टक्के. महिन्याला 0.4 गेले, नऊ महिन्यांत 3.6. हातात 10 उरतील असं धरलं असेल, तर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसत्या व्याजात संपला. काम चार महिन्यांचं वाटत असेल तर सहा धरा, आणि विकायला लागणारे दोन-तीन वेगळे. दुरुस्तीच्या अंदाजावर 15 ते 20 टक्के राखीव ठेवा. पहिल्या घराला ते बहुधा लागतातच.

घर बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. घराचं सगळ्यात महागडं दुखणं पाणीच असतं, आणि ताज्या रंगाखाली तेच दडवलेलं असतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पापुद्रे सुटलेत, पांढरा लोणा फुललाय, तर ओल खालून चढते आहे. बऱ्याचदा बाहेरच्या मातीचा भराव किंवा फरसबंदी आतल्या जोत्याच्या वर गेलेली असते. ती जोत्याच्या 15 सेंटीमीटर खाली आणली नाही, तर आत कितीही महाग वॉटरप्रूफ रंग लावा, एका पावसाळ्यात तो फुगून येतो. ओल भिंतीतली की खोलीतल्या दमट हवेची, हे कळायला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा वीतभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि 24 तास ठेवा. फॉइलच्या मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला दिसले तर खोलीला वारा नाही, आणि ते काम स्वस्तात होतं.

स्लॅबला छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बदबद वाजतं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं आणि तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा जागी वरवर गिलावा मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज पूर्ण घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा चिकट सिमेंटचा मसाला. सळई झिजून बारीक झालेली दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनियरने पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. भिंतीच्या भेगांचंही तसंच. केसाएवढ्या भेगा गिलाव्याच्या असतात, सोडून द्या. विटांच्या सांध्यांमधून जिन्यासारखी तिरपी गेलेली, 5 मिलिमीटरहून रुंद भेग मात्र पाया खचल्याची शंका घेण्याजोगी. सौद्याला वेळ असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, अंतर आणि तारीख लिहा, महिन्याने पुन्हा मोजा.

जुन्या घरात सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. तपासणी होईपर्यंत फोडू नका, भोकही पाडू नका.

कामाचा क्रम चुकला की एकच भिंत दोनदा रंगवावी लागते. आधी छप्पर आणि बाहेरची गळती, मग तोडफोड, मग भिंतीतले पाइप आणि वायरिंग, त्यांच्या चाचण्या, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ-दिवे. पाणीपुरवठ्याचे पाइप भिंत बंद करण्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून घ्या. वायरिंग जुनं असेल तर अर्धवट बदलण्यात अर्थ नाही. दिव्यांना 1.5, सॉकेटना 2.5, गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), एवढं साधारण धरा. तुमच्याकडचे नियम याहून कडक असतील तर ते पाळा.

बाथरूमवर मात्र जरा थांबतो. विकल्यानंतर भांडणं तिथूनच सुरू होतात. फरशीला उतार किमान 80 ला 1, म्हणजे दीड मीटरच्या बाथरूममध्ये टोकापासून पाणी जायच्या जाळीपर्यंत जेमतेम 2 सेंटीमीटर. हा उतार टाइलखालच्या कोब्यातच, म्हणजे काँक्रीटच्या थरातच काढायचा. टाइल लावताना मसाला कमी-जास्त करून काढला, की कोपऱ्यात डबकं राहतंच. वॉटरप्रूफ थर भिंतीवर किमान 15 ते 30 सेंटीमीटर वर चढवा, शॉवरच्या बाजूला 1.8 मीटरपर्यंत. कोपऱ्यांत आणि पाइपभोवती जाळीची पट्टी घालून दुसरा हात. थर वाळल्यावर पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून 3-5 सेंटीमीटर पाणी भरा, पातळीची खूण करा आणि 24 ते 48 तास तसंच ठेवा. खालच्या छतावर ओल नाही आणि खूण फारशी हलली नाही, तरच टाइल. गवंडी म्हणेल, ‘साहेब, दोन दिवस फुकट जातात.’ जाऊ द्या.

टाइल मापापेक्षा 10 टक्के जास्त घ्या, तिरप्या मांडणीला 15, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याचं बघा. नंतर आणलेलं खोकं त्याच रंगाचं निघेलच असं नाही. रंगाचा हिशोब सोपा आहे. 4 बाय 3 मीटरची, 2.8 मीटर उंच खोली म्हणजे सुमारे 39 चौरस मीटर भिंत, दारं-खिडक्या वजा जाता 34. दोन हातांचे 68. एक लिटर साधारण 10 ते 12 चौरस मीटरला पुरतो, म्हणजे 6 ते 7 लिटर. नवा सिमेंटचा गिलावा मात्र चार आठवडे वाळू द्या, नाहीतर पुट्टीसकट पापुद्रे येतात.

मजुरी उक्ती ठरवली तरी पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे 5 ते 10 टक्के बारीकसारीक त्रुटींची यादी पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. हौस आवरा. वस्तीत कोणाकडेच नसलेलं आयात संगमरवर घातलंत म्हणून गिऱ्हाईक वस्तीबाहेरचा भाव देत नाही. भिंत पाडायची तर परवानगी आधी. विनापरवाना वाढवलेल्या खोलीवर खरेदीदाराची बँक कर्ज अडवू शकते. आणि विमा कंपनीला घर रिकामं आहे, काम चालू आहे हे लेखी कळवा. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये घर 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं.

एक बिनखर्चाचं काम बहुतेक जण विसरतात. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी लावून, पाइप आणि वायरी दिसतील असा फोटो काढा. पाणी भरून ठेवलेल्या बाथरूमचाही, खुणेसकट. खरेदीदार स्वतःचा तपासनीस घेऊन आला, भिंतीवर टकटक करून ‘आत काय घातलंय कोण जाणे’ म्हणत भाव पाडायला लागला, की ती फाइल त्याच्यापुढे ठेवा.