गोवा की देवबाग? आधी तिथी सांग

'काकू' अशी सुरुवात केलीस, म्हणून मीही अगंतुगंच करते. पत्र दोन पानांचं आहे आणि प्रश्न मोजून सात. सगळ्यांना सारखं उत्तर मिळणार नाही, आधीच सांगते. मला त्यातली एकच गोष्ट टोचली आहे आणि ती तू प्रश्न म्हणून विचारलेलीच नाहीस.

तू लिहितेस, 'तीन आठवड्यांच्या सुट्टीतले पाच दिवस फक्त आमचे. बाकीचे नातेवाइकांना, एका लग्नाला, दाताच्या डॉक्टरला आणि बँकेच्या केवायसीला वाटून झालेत. नवऱ्याला दक्षिण गोव्यात, बाणावलीच्या बाजूला, मोठं रिसॉर्ट हवंय. मला कोकणात, मालवणजवळ देवबागला कुणाच्या तरी घरी राहायचंय, अंगणातून उतरलं की वाळू. महिनाभर घरात यावरून धुसफूस चालू आहे. काकू, कोणाचं बरोबर?'

पाच दिवसांचं दुःख मला समजावून सांगायला नको. आम्हीही चौतीस वर्षं हेच केलं. विमानतळावरून थेट कुणाच्या तरी घरी, दारात चपला काढल्या की 'कधी आलात'च्या आधी 'परत कधी' हे विचारून होतं. त्यामुळे हे पाच दिवस तू मुठीत धरून ठेवलेस, छान केलंस. पण त्याच पत्रात पुढे, जाता जाता, कंसात लिहिलंयस, '(मुलं ९ आणि १३ वर्षांची. दोघांना स्विमिंगचे सगळे बॅज मिळालेत, त्यामुळे ती काळजी नाही.)'

बाई गं. तो कंस वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला.

बॅज आमच्या मुलालाही होते. सगळे. त्याच्या आजीने ते टॉवेलवर हाताने शिवून दिले होते, टॉवेल वाळायचा नाही इतके. तो बारा वर्षांचा असताना आम्ही देवबागलाच गेलो होतो, अशाच डिसेंबरात. संध्याकाळची वेळ, सूर्य खाली आलेला, समुद्र इतका शांत की तव्यावर तेल पसरावं तसा. तो कमरेएवढ्या पाण्यात होता. मी किनाऱ्यावर बसून त्याची लाल टोपी बघत होते. टोपी सुरूच्या एका वाकड्या झाडासमोर होती. दोन मिनिटांनी पाहिलं तर टोपी त्याच्या पुढच्या झाडासमोर. मग त्याच्याही पुढच्या. पोरगा हात मारत होता काठाकडे, आणि सरकत होता नदीच्या मुखाकडे. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्याच तोंडातून बाहेर जातं. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, 'सुकती लागली, पोराक वर घेवा!' सुकती म्हणजे ओहोटी. आणि स्वतःच धावला. बाहेर आल्यावर मुलगा रडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, 'आई, मी पुढे पोहत होतो पण झाडं मागे जात होती.'

स्विमिंग पुलाला भिंत असते गं. दमलं की धरता येते. समुद्राला भिंत नाही, आणि पाणी कुठल्या दिशेला निघालंय हे कुठल्याच बॅजमध्ये शिकवत नाहीत.

म्हणून माझ्याकडे कुणीही गोवा की कोकण, हा किनारा की तो, असं विचारत आलं की मी आधी विचारते, तिथी कोणती? माझ्या धाकट्या जावेने यावरून माझं नाव 'पंचांग काकू' ठेवलंय. ठेवू दे.

तुझ्या फ्रिजवर कालनिर्णय आहे ना? असणारच. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या फ्रिजवर असतं आणि ते फक्त संकष्टीला बघितलं जातं. त्यातली तिथी घे आणि तिला पाऊणने गूण. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, एवढंच त्यामागचं गणित. वेळ जागेप्रमाणे मागेपुढे होते. मालवण-गोव्याकडे मुंबईपेक्षा लवकर भरते, म्हणून हिशेबात अर्धा-पाऊण तास अलीकडचा धरायचा आणि तिथे गेल्यावर होडीवाल्याला विचारून पक्कं करायचं. कालनिर्णय मात्र भारतातलंच बघ. इंग्लंडसाठी काढलेल्या पंचांगात तिथी कधी कधी एका दिवसाने मागेपुढे दिसते.

हे मला शाळेत भूगोलात शिकवलं होतं आणि मी परीक्षेनंतर विसरूनही गेले होते. परत शिकवलं सासूबाईंनी, तेही इथे इंग्लंडात, वेस्टन-सुपर-मेअरच्या किनाऱ्यावर. त्या मालवणजवळच्या आचऱ्याच्या. पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने त्यांना समुद्र दाखवायला नेलं. डबे, चटया, छत्री. एक वाजता पोचलो आणि समुद्रच नाही! नजर जाईल तिथवर चिखल. ब्रिस्टल चॅनलमध्ये पाण्याची चढउतार जगातल्या मोठ्यांपैकी आहे, उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, चौदा मीटरपर्यंत जाते, हे आमच्या ह्यांना वीस वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, 'आज अवस ना रे?' होतीच अमावस्या. म्हणाल्या, 'आमच्याकडे अवशीला बाराला पाणी भरतं. इथे बाराला गेलंय. म्हणजे इथलं घड्याळ वेगळं, पण चाल तीच.' मग आम्ही चिप्स खात बसून राहिलो आणि सातच्या सुमाराला पाणी बंधाऱ्याला लागलं. पुढच्या वेळेपासून वेस्टनला कधी निघायचं ते त्या माजघरात बसून सांगायच्या. म्हणजे आमच्या लाउंजमध्ये, पण त्या माजघरच म्हणत.

असो. तुझं बघू.

तुझ्या तारखा मी पंचांगात लावून पाहिल्या. पंचमीला पोचणार आणि नवमीला शेवटचा पूर्ण दिवस. अष्टमी त्यात आली, म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाला जसं पाणी जोरात चढतं आणि तेवढ्याच जोरात उतरतं, तसं भांगाला नसतं. चढही कमी, ओढही कमी. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहापासून पाणी चढत असेल. नवमीला पावणेसातला भरती, चढायला साडेबारानंतर सुरुवात. यातून आपला अर्धा-पाऊण तास वजा कर. म्हणजे पाचही दिवस सकाळी पाणी उतरत असेल आणि ऐन दुपारी चढत असेल.

आता हे देवबागला कसं बसतं ते बघ. सकाळी ओहोटी, म्हणजे खाडीतला वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो वर येतो. होडीने जायचं, घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात हिंडायचं. भांग असल्याने दांडा थोडा कमी उघडा पडेल, चालेल. परत येऊन न्याहारी, आणि पाणी चढायला लागलं की तारकर्लीच्या बाजूच्या सरळ किनाऱ्यावर डुंबायचं. नदीच्या मुखाशी नाही. मुखाशी कधीच नाही, भरती असो की ओहोटी. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी पाण्यात अजिबात उतरायचं नाही, कारण तीन-साडेतीनला भरती झाली की सूर्यास्तापर्यंत पाणी बाहेर ओढत असणार. विमान, गाडी, धूळ, कंटाळा, आणि समोर समुद्र. मुलं धावत सुटतील. तिथेच तुला खंबीर राहायचंय. आम्ही राहिलो नव्हतो.

म्हणून माझा कौल देवबागला. पण तुझं बरोबर म्हणून नव्हे हं, तिथी बरोबर म्हणून! हेच पाच दिवस पौर्णिमेच्या आजूबाजूला असते तर मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले असते. मग बाराला भरती आणि दुपारभर, अगदी अंधार पडेपर्यंत, उधाणाची ओढ. मुलं पाण्यात जायच्या नेमक्या वेळी. तेव्हा रिसॉर्टचा पूल बरा. शिवाय गोव्यात सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल झेंडा दिसला की नाही. त्याला हेही सांग की बाणावलीचा किनारा शांत दिसतो म्हणून साधा नाही. वेळसांवपासून मोबोरपर्यंत सलग पंचवीसेक किलोमीटर उघडी वाळू आहे, आडोसा कुठेच नाही आणि मोबोरच्या टोकाला साळ नदीचं मुख. कर्लीच्या मुखाला जो नियम तोच तिथे.

देवबागला प्रत्येक घरापुढे जीवरक्षक असेल असं धरून चालू नकोस. तेव्हा तुमच्यातलं एकजण कायम कोरडं राहील. फोन न बघता. मुलांना पोचल्या पोचल्या एक काठी दे आणि पाण्याच्या कडेला रोवायला लाव. दहा मिनिटांत पाणी काठीच्या पुढे आलं की मागे गेलं, ते त्यांचं त्यांना कळेल. आणि मोठ्याला एवढं पाठ करून घे, पाणी ओढायला लागलं की काठाकडे झटायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून ओढीच्या बाहेर पडायचं. आमच्याकडच्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

उरलेले प्रश्न भराभर घेते.

'सासूबाई बरोबर आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सिंधुदुर्ग बघायचाय.' त्यावरही तिथीच. ओहोटीला होडी धक्क्याच्या खाली जाते आणि पाय खोल टाकावा लागतो. भरतीच्या आसपास होडी वर आलेली असते. मुंबईत पाच मीटरपर्यंत चढउतार होते, मालवणकडे दोनेक मीटर. पण दुखऱ्या गुडघ्याला एक फूटही पुष्कळ. पंचमी-षष्ठीला जेवण लवकर उरकून एक-दोनच्या सुमारास मालवणच्या धक्क्यावर जा, उरलेल्या दिवसांत भरती संध्याकाळवर जाते. किल्ल्याचं काम १६६४ ला सुरू होऊन १६६७ ला पुरं झालं. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं.

'तीन दिवस देवबाग आणि दोन दिवस गोवा असं करू का?' नको. एक दिवस बॅगा भरण्यात जातो. आम्ही एकदा केलं, मला फक्त डिकी आठवते.

'मोपाला उतरावं की मुंबईहून रेल्वेने?' मोपा विमानतळ गोव्याच्या पेडण्यात आहे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तिथून मालवण सोयीचं. रेल्वेने गेलात तर कुडाळला उतरा.

'मुलं मासे खात नाहीत.' घावणे खातील. गुळाच्या रसात.

'नवरा लॅपटॉप घेऊन येणार.' येऊ दे. कोरडं कोण राहणार हा प्रश्न सुटला, फक्त लॅपटॉप खोलीत आणि तो वाळूवर.

राहता राहिली धुसफूस. गेला महिनाभर तुम्ही पूल की अंगण यावर भांडताय आणि दोघांनीही एकदा कॅलेंडर उघडलं नाही, याचा मला तुमच्या भांडणापेक्षा जास्त राग आलाय. आज रात्री जेवताना दोघांनी मिळून पाच दिवसांच्या वेळा काढा. पोरांना पाऊणचा पाढाही येईल. माझ्या नातवंडांना येत नाही.

आणि डिसेंबरचं पान फाडून नेऊ नकोस, फोटो काढून ने. आम्ही फाडलं होतं. त्याच्या मागे कसल्यातरी वड्यांची कृती होती, ती सासूबाई पुढची तीन वर्षं मला मागत होत्या.