उंदरांचा दमा आणि आपलं बाळ

प्रश्न : बाळाला दोनदा अँटिबायोटिक दिलं. उंदरांवरच्या प्रयोगाचं वाचून सासूबाई म्हणतात, आता दमा होणार. खरं का? – एक आई, सांगली

उत्तर : सासूबाईंनी वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१२च्या प्रयोगात उंदरांच्या पिल्लांना व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. आतड्यातले बरेच निरुपद्रवी जिवाणू गेले, पुढे अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी मुद्दाम घडवल्यावर (हे सासूबाईंना जरूर सांगा!) दम्याचा त्रास वाढला. स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनं मात्र फारसा फरक पडला नाही, आणि वाढलेल्या उंदरांत व्हॅन्कोमायसिननंही नाही. म्हणजे औषध कोणतं, वय काय, यावर सगळं. न्यूमोनियाला डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक टाळू नका. साध्या सर्दीला ते नकोच, ती विषाणूंची. आणि मागच्या खेपेचं उरलेलं सिरप आजच ओतून द्या.