जवसाची शेती आणि तेलघाणी यांत पैसे गुंतवावेत का?

गुंतवा, पण आधी तेलघाणीसारख्या प्रक्रियेत आणि तेही लहान प्रमाणात. विदर्भात जवस हे रब्बीचं जुनं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलं की जमिनीतल्या ओलीवर येतं, खर्च कमी. पण कोरडवाहू उत्पन्नही कमीच, म्हणून केवळ बी विकण्यासाठी जमीन घेऊ नका. एक-दोन पाणी देता आलं तर चित्र बदलतं. कळीमाशीवर, म्हणजे कळ्या खाणाऱ्या किडीवर, मात्र लक्ष हवं, उशिरा पेरलं की ती जास्त त्रास देते.

खरी कमाई प्रक्रियेत आहे. १०० किलो बियातून साधारण ३० ते ३५ किलो तेल निघतं, उरलेली पेंड जनावरांना चालते. अडचण एकच आणि ती मोठी: हे तेल हवा-उजेडात फार लवकर खवट होतं. म्हणून गडद बाटली, थंड जागा आणि मागणीपुरतंच गाळप. भाजलेलं जवस आणि चटणी यांची विक्री त्यापेक्षा सोपी, मी तिथूनच सुरुवात करा म्हणेन.

लिननचा धागाही जवसाच्याच खोडातून निघतो, पण त्याचा विचार असेल तर तूर्त थांबा. त्याचे वाण वेगळे, उंच वाढणारे. खोड कुजवून धागा सोडवायची यंत्रणा फ्रान्स-बेल्जियममध्ये पिढ्यानपिढ्या उभी आहे, आपल्या गिरण्याही बराच धागा तिकडूनच आणतात.