दोर हाताने स्प्लाइस करायला कसं शिकावं? दोन पदर ओवले जातात, तिसऱ्याला गोंधळ होतो

स्प्लाइस म्हणजे गाठ न मारता दोराचे सुटे पदर दोरातच ओवून केलेला जोड. बहुतेक सगळे त्या तिसऱ्या पदरापाशीच अडतात, म्हणून मी त्याच्याबद्दलच जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात आय स्प्लाइसपासून करा, म्हणजे दोराच्या टोकाला कायमचं कडं. 10-12 मिलिमीटर जाडीचा, तीन पदरी, सुती किंवा मऊ नायलॉनचा दोर घ्या. होड्यांवर दिसतो तो पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा) दोर स्वस्त असतो, पण ताठ. सोडलेले पदर लगेच पिंजारतात. विणलेल्या दोराची पद्धतच वेगळी आहे, तो आत्ता नको.

टोकाकडून वीतभर, थोडा जास्तच पीळ सोडा आणि सोडला तिथे दोऱ्याने आवळून बांधा. तिन्ही पदरांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. याने निम्मा गोंधळ संपतो.

आता टोक मागे वळवून हवं तेवढं कडं करा. कडं तुमच्याकडे आणि मूळ दोर (न उसवलेला, लांब भाग) समोर लांब गेलेला, असं धरा. बाजारातला दोर बहुधा उजव्या पिळाचा असतो (उभा धरला तर पदर उजवीकडे वर चढताना दिसतात), त्यात सगळं ओवणं उजवीकडून डावीकडे. मधला पदर मूळ दोराच्या एका पदराखालून काढा. डावा पदर त्या एकावरून नेऊन त्याच्या डावीकडच्या पदराखालून काढा. मग दोर पालथा करा, कडं तुमच्याकडेच राहू द्या. मूळ दोराचा एकच पदर मोकळा दिसेल. गंमत अशी, की उरलेला पदर आता डाव्या हाताला आलेला असतो, आणि हात आपसूक तो डावीकडूनच घुसवतो. तिथेच स्प्लाइस बिघडतो. तो मोकळ्या पदरावरून आधी उजवीकडे न्या आणि मग उजवीकडून डावीकडे त्याखालून काढा.

दोर फिरवून बघा: प्रत्येक फटीतून एकच पदर बाहेर आलेला आणि तिन्ही एकाच पातळीवर. एका फटीत दोन दिसले तर सरळ उसवा. पहिली फेरी बरोबर बसली, की पुढे एकावरून, एकाखालून, एवढंच. सुती किंवा मनिला (नैसर्गिक तंतूंच्या) दोराला तीन पूर्ण फेऱ्या पुरतात. नायलॉन गुळगुळीत, त्याला किमान पाच हव्यात.

फट उघडायला लाकडी फिड, म्हणजे निमुळत्या टोकाची दांडी, मिळाली तर उत्तम. नसेल तर दोर दोन हातांत धरून उलटा पीळ द्या, फट आपोआप उघडते. स्क्रूड्रायव्हर मात्र नको, तंतू तुटतात.

आणि हे शिकाच. गाठीत दोर एकदम वळतो, म्हणून तिथे त्याची बरीच ताकद जाते. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदराजवळ राहत असाल, तर एखाद्या जुन्या खलाशासमोर बसून त्याचे हात बघा, चित्रांपेक्षा लवकर कळेल.

उरलेली टोकं लगेच कापू नका. दोर एकदा जोर लावून ताणा, पदर बसू द्या, मग बोटभर टोक ठेवून कापा. नायलॉन असेल तर टोक लायटरने हलकं वितळवा.