स्पॅनिशमधल्या 'केदार' या क्रियापदाचे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

अर्थांची यादी पाठ करू नका. आपलं 'लागणे' बघा: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो. आपण गोंधळत नाही, कारण शेजारचा शब्दच अर्थ सांगतो. 'केदार'चंही तसंच आहे. आधी 'उरणे' पक्कं करा: 'मे केदान दोस युरोस', म्हणजे माझ्याकडे दोन युरो उरलेत. कपड्यांबद्दल 'ते केदा ब्येन' म्हटलं की तुला छान दिसतं. स्पेनमध्ये 'केदामोस आ लास सिंको' म्हणजे पाचला भेटू. हा वापर मला सगळ्यात आवडतो, कारण तो अगदी रोजच्या बोलण्यातला आहे. 'से' जोडून 'केदार्से' झालं की थांबणे, राहणे. प्रत्येक अर्थाचं एक अख्खं वाक्य वहीत लिहा आणि मोठ्याने म्हणा.