दादाचे उपकार आणि धाकटीची सही

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. वडील गेल्या वर्षी गेले. सोलापूर जिल्ह्यात सहा एकर आहे, वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र वगैरे काही नाही. दादाने दहावीत शाळा सोडून शेती धरली म्हणून मी इंजिनिअर झालो, आज पुण्यात नोकरी करतोय. आता तो म्हणतो दिवाळीला बहिणी येतील तेव्हा हक्कसोड उरकून घेऊ. मोठ्या ताईला सांगितलंय, तुझं लग्न १९९१ चं, तुला हक्कच नाही. धाकटीला सांगितलंय, वारस नोंदीला नुसती सही लागते. तिचे मिस्टर वारलेत, शिवणकामावर घर चालवते ती. मला सगळं माहितीये. बोललो तर दादा जन्मात तोंड बघणार नाही, आई म्हणते गप्प बस. काय करू?

उत्तर : आधी ते ९१ चं लग्न. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, गावाकडे अजून तेच डोक्यात आहे. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अटच राहिली नाही आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो. पण तुमच्याकडे तर जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली, तिथे १९५६ च्या कायद्यापासूनच मुलगा मुलगी सारखे. त्यामुळे ताईला सांगितलेलं सरळ खोटं आहे.

बहिणींनी समजून उमजून हक्क सोडला तर माझं काही म्हणणं नाही, खूप जणी सोडतात, माहेर तुटू नये म्हणून. माझ्या आईने सोडला. मामाने साडी घेतली आणि रजिस्ट्रेशन झाल्यावर एसटी स्टँडवर उसाचा रस पाजला, आई अजून रसाचंच सांगते, साडीचं नाव काढत नाही. पण तिला कागद वाचून दाखवला होता हो. तुमची धाकटी वारस नोंद समजून हक्कसोडीवर सही करणार आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघणार, हे तुमच्याच्याने होणार नाही, झालं असतं तर पत्र लिहिलं नसतं. शिवाय फसवून घेतलेली हक्कसोड कोर्टात रद्द होऊ शकते, म्हणजे टांगती तलवार दादाच्याच डोक्यावर.

आता दादाचे उपकार. ते खरे आहेत, मी हलके करत नाही, पंचवीस तीस वर्षं पाणी धरायला रात्री अपरात्री तोच गेला असणार. पण हिशोब करा, सहा एकर म्हणजे २४० गुंठे, वारस पाच, प्रत्येकी ४८. उपकार तुमच्यावर झालेत ना, मग फेड तुमच्या ४८ गुंठ्यांतून होऊ दे. तुमची हक्कसोड दादाच्या नावाने करून द्या, पुण्यात पगार आहे तुम्हाला. बायकोशी आधी बोला, तिथे पण वाजेल थोडं. एवढं करूनही दादा बोलायचा बंद होईल, कदाचित वर्ष दोन वर्षं, कदाचित कायमचा, यातून गोड मार्ग मला तरी दिसत नाही.

फोनवर सांगू नका, दिवाळीच्या आधी एखाद्या शनिवारी गावी जा. आधी दादाला सांगा की मी धाकटीला आणि ताईला खरं सांगणार आहे, मग त्या दोघींना. त्याच्या पाठीमागे नको. आणि बोलताना आईला समोर बसवा, पाचवा वारस तीच आहे, ४८ गुंठे तिचेही आहेत, हे तिला बहुतेक कुणी सांगितलेलंच नसेल.